एका पदवीची दुसरी फी

‘दोन-तीन वर्षं पुन्हा शिकावं लागलं तर काय बिघडलं? तिकडचा दर्जाच वेगळा!’ इथे बीडीएस करून अमेरिकेत गेलेल्या डेंटिस्टविषयी हे वाक्य मराठी घरांत इतक्या खात्रीने बोललं जातं, की ते कुणी कधी तपासून पाहिलंय का, असं विचारायचीही सोय राहत नाही. सून तिकडे जाऊन परत कॉलेजला जातेय, हे सांगताना सासूबाईंच्या आवाजात तक्रार नसते. असतं ते अमेरिकेच्या काटेकोरपणाचं कौतुक. या मताचा सगळा ऐवज एकदा नीट मांडून घेऊ, म्हणजे नंतर कुणी अन्याय झाला म्हणायला नको. अमेरिकेत रुग्णाच्या जिवाला किंमत आहे, म्हणून कुणाही परक्याच्या हाती तिथे दाढ सोपवत नाहीत. आपल्याकडची खासगी डेंटल कॉलेजं काय लायकीची आहेत ते आपल्यालाच ठाऊक आहे, मग त्यांनी का विश्वास ठेवावा? नियम सगळ्या देशांतल्या डेंटिस्टना सारखाच आहे. आणि शेवटी, खर्च झाला तरी पुढे जन्मभर डॉलरात वसूल होतोच की! ऐकायला सगळं चोख आहे. फक्त यातली एकही गोष्ट तपासाला टिकत नाही.

आधी दर्जाची ही चाचणी असते कशी, ते पाहू. नीट देऊन बीडीएसला प्रवेश, चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. मग अमेरिकेत गेल्यावर इथल्या गुणपत्रिकांची तिथल्या संस्थेकडून पडताळणी. त्यानंतर आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा: दोन दिवस, ५०० प्रश्न. मग टोफेल, शिफारसपत्रं, स्वतःविषयीचा निबंध आणि दुसऱ्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये महिनोन्‌महिने ‘शॅडोइंग’, म्हणजे त्याच्या खांद्यामागे उभं राहून बघणं. स्वतः हजारो तोंडं तपासलेल्या माणसाने तिथे साधा आरसाही हातात घ्यायचा नाही. प्रोफाइल भक्कम दिसावं म्हणून मध्येच कुणी पब्लिक हेल्थची मास्टर्स करतं, कुणी डेंटल असिस्टंट होऊन सक्शन धरतं. मग ‘कॅपिड’ या सामायिक यंत्रणेतून परदेशी डेंटिस्टांसाठीच्या ‘अॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ जागांना अर्ज. जागा कुठे दहा-बारा, कुठे तीस-चाळीस, क्वचित त्याहून जास्त. बोलावणं आलंच, तर मुलाखत आणि बेंच टेस्ट. दांड्यावर बसवलेला जबडा, त्यात स्क्रूने आवळलेले प्लास्टिकचे दात. एका दाढेत क्लास टूची कॅव्हिटी करायची, दुसरी कॅपसाठी घासायची. शेजारच्या दाताला ड्रिलचा बर ओझरता लागला तरी गुण जातात, खोली अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी जातात. याचेही क्लास निघालेत, अर्थात डॉलरातच. एवढं झाल्यावर प्रवेश मिळाला, तर मधल्या वर्षात बसून दोन ते तीन वर्षं स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर तेच दात, तीच रूट कॅनाल, तीच कवळी. आणि ते संपलं की राज्याच्या परवान्याची परीक्षा वेगळीच.

आता मुद्द्यावर येऊ. आयएनबीडीई ही परदेशी लोकांसाठी काढलेली सोपी परीक्षा नाही. न्यूयॉर्क किंवा मिशिगनमध्ये शिकलेला मुलगा जी परीक्षा देतो, तीच नागपूरहून आलेली मुलगी देते. निकालही फक्त पास किंवा नापास. म्हणजे अमेरिकी दंतवैद्यकाला जे ज्ञान आवश्यक वाटतं ते या मुलीकडे आहे, असा दाखला अमेरिकेनेच दिलेला असतो. राहिलं हाताचं कौशल्य. स्थानिक पदवीधराचं कौशल्य परवान्यासाठी कसं तपासतात? २०२० च्या कोविडनंतर बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष रुग्णावरची परीक्षा मागे पडली आणि मॅनिकिनच्या कृत्रिम दातांवरची परीक्षा चालू लागली. हा प्लास्टिकचा दात बोस्टनच्या मुलाने घासला तर परवान्याला पुरेसा, आणि पुण्याच्या मुलीने घासला तर फक्त प्रवेशाच्या रांगेत उभं राहण्यापुरता? दाताला पासपोर्ट कळतो काय? यावर हमखास उत्तर येतं की परदेशी पदवीधरांत आयएनबीडीईला नापास होणारे स्थानिकांपेक्षा बरेच जास्त असतात. खरं आहे, असतात. पण हा आक्षेप ज्याच्या विरोधात म्हणून मांडला जातो, त्याचीच बाजू तो मजबूत करतो. परीक्षा चाळणीचं काम चोख करतेय, याचाच तो पुरावा. जे अडकायचे ते तिथेच अडकले. मग जे पास झाले त्यांनी कुठला गुन्हा केलाय?

या युक्तिवादाचा खरा कणा मोडतो तो डॉक्टरांच्या उदाहरणाने, आणि आश्चर्य म्हणजे कौतुक करणाऱ्या मंडळींना हे उदाहरण घरातलंच असून दिसत नाही. एकाच घरातली दोन भावंडं घ्या. एकाने एमबीबीएस केलं, एकीने बीडीएस. दोघांनीही नीटच दिली. दोघांची अॅनाटमी आणि फिजिऑलॉजी त्याच मोठ्या पुस्तकांतली. एमबीबीएसवाला अमेरिकेत यूएसएमएलई ही परवाना परीक्षा देतो, १९५६ सालापासून परदेशी डॉक्टरांची कागदपत्रं तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र मिळवतो आणि थेट रेसिडेन्सीला, म्हणजे इस्पितळातल्या प्रशिक्षणाला लागतो. रेसिडेन्सीत त्याला पगार मिळतो. पुन्हा मेडिकल कॉलेजात बस, असं त्याला कुणी म्हणत नाही. अमेरिकेतला जवळपास दर चौथा डॉक्टर असा बाहेर शिकून आलेला आहे. २०२३ मध्ये टेनेसीने तर अनुभवी परदेशी डॉक्टरांना रेसिडेन्सीही पुन्हा न करता, देखरेखीखाली काम करण्याचा रस्ता कायद्याने खुला केला. आणि बहीण? ती पगार घेत नाही, फी भरते. हृदय उघडणाऱ्याच्या बाबतीत परीक्षा आणि देखरेख पुरते, पण हिरडी उघडणारीला अख्खी पदवी पुन्हा विकत घ्यावी लागते. मग अमेरिकेत दाताचा जीव हृदयापेक्षा मोलाचा आहे, असं समजायचं का? की सुरक्षेचं कारण हे फक्त सांगायचं कारण आहे?

‘पण आपली कॉलेजं…’ असं कुणी म्हणायच्या आत एवढं कबूल करून टाकतो, की भारतात तीनशेहून अधिक डेंटल कॉलेजं आहेत आणि ती सगळी सारख्या दर्जाची नाहीत. काही ठिकाणी इमारत उभी राहिली, खुर्च्या आल्या, रुग्ण मात्र आले नाहीत. तपासणीच्या दिवशीच दिसणारे प्राध्यापक हा विनोदाचा विषय झाला, तो उगीच नाही. पण म्हणून १९३० च्या दशकापासून चालत आलेल्या नायर डेंटल कॉलेजातल्या किंवा मुंबईच्या सरकारी डेंटल कॉलेजातल्या ओपीडीच्या रांगेत शिकलेल्या मुलीलाही त्याच मापाने मोजायचं? माणसामाणसांतला फरक ओळखायला माणसाची परीक्षा घ्यावी लागते, देशाची नाही. आणि समजा, संशय आहेच. तर अॅडव्हान्स्ड स्टँडिंग हा संशय फेडतं कसं? ज्याला फी झेपते तो आत, ज्याला झेपत नाही तो बाहेर. अनेक खासगी विद्यापीठांत वर्षाची नुसती शिकवणी एक लाख डॉलरच्या घरात आहे, राहण्याजेवण्याचं वेगळंच. बेंच टेस्टला हात बघतात खरा, पण शेवटी ही चाळणी बापाच्या फ्लॅटची कागदपत्रं बघते. सुमार कॉलेजातला पैसेवाला तिच्यातून निघून जाऊ शकतो आणि उत्तम हाताची पण साध्या घरातली मुलगी अडकते. दर्जाची एवढीच काळजी असेल, तर ही कुठल्या जातीची काळजी आहे?

मुळात परदेशी हात तोंडात चालतच नाहीत असंही नाही. चालतात, सोयीप्रमाणे चालतात. अनेक राज्यांत विद्यापीठाला अध्यापक हवा असेल तर परदेशी पदवीच्या डेंटिस्टला ‘फॅकल्टी लायसन्स’ मिळतं. तो अमेरिकी विद्यार्थ्यांना क्राउन कसा घासायचा ते शिकवतो, त्यांच्या कामावर सही करतो, कॉलेजच्या क्लिनिकमध्ये रुग्णही बघतो. पण त्या दारातून बाहेर पडून समोरच्या गल्लीत क्लिनिक थाटायला तो अपात्र. ज्यांना त्याने शिकवलं ते पात्र, तो नाही! फ्लोरिडात परदेशी पदवीधर डेंटिस्टला परीक्षा देऊन डेंटल हायजिनिस्ट होता येतं. म्हणजे दात साफ करण्यापुरता तो सुरक्षित, दात भरण्यापुरता धोकादायक. याहून बोलकं उदाहरण अलास्काचं. तिथल्या आदिवासी वस्त्यांत डेंटिस्ट टिकत नाहीत म्हणून डेंटल थेरपिस्ट तयार केले गेले. बारावीनंतर साधारण दोन वर्षांचं प्रशिक्षण, आणि मग फिलिंग करणं, साधे दात काढणं त्यांच्या हाती. त्यांची पहिली तुकडी शिकली कुठे? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात. २००६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन त्यांच्याविरुद्ध कोर्टातही गेली, पण काम थांबलं नाही, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनात ते सुरक्षित आणि सक्षम ठरलं. परदेशात दोन वर्षं शिकलेल्या थेरपिस्टच्या हातून भरलेला दात चालतो. परदेशात पाच वर्षं शिकून वर राष्ट्रीय परीक्षा पास झालेल्या डेंटिस्टच्या हातून भरलेला मात्र चालत नाही. यात कुठलं तर्कशास्त्र आहे ते कौतुक करणाऱ्यांनी एकदा समजावून सांगावं.

‘नियम सगळ्यांना सारखाच’ हेही तितकंच पोकळ आहे. १९५६ पासून अमेरिका आणि कॅनडा एकमेकांच्या डेंटल कॉलेजांची मान्यता ग्राह्य धरतात, त्यामुळे टोरांटोची पदवी घेऊन येणाऱ्याला कॉलेज पुन्हा करावं लागत नाही. याला हरकत नाही. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचे अभ्यासक्रम तपासले आणि स्वीकारले. पण कॅनडाने परक्या डेंटिस्टसाठी दुसराही मार्ग ठेवलाय. तिथलं राष्ट्रीय मंडळ आधी मूलभूत ज्ञानाची परीक्षा घेतं, मग निदान आणि निर्णयशक्तीची, मग प्रत्यक्ष हाताची. यात उतरलेला माणूस स्थानिक पदवीधराबरोबर शेवटची प्रमाणपत्र परीक्षा देतो आणि काम करू लागतो. परीक्षा कठीण आहेत, महाग आहेत, एका झटक्यात सगळे पार होत नाहीत. पण त्या परीक्षा आहेत, विक्री नाही. परिणाम असा, की सोलापूरची बीडीएस या परीक्षा पार करून नायगराच्या ओंटारिओकडच्या काठावर रोज रुग्ण बघू शकते, आणि पूल ओलांडून न्यूयॉर्क राज्यात पाऊल ठेवलं की तिच्याकडे मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी नाही म्हणून ती परत अर्जदार होते. धबधबा एकच, काठ बदलला की माणसाचा हात बिघडतो. अमेरिकेतही सगळी राज्यं एका सुरात बोलत नाहीत. मिनेसोटाने परदेशी पदवी स्वतः तपासून मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली आहे. कॅलिफोर्नियात कितीतरी वर्षं परदेशी डेंटिस्टसाठी हाताच्या कौशल्याची खास परीक्षा होती. पुढे ती वाट बंद झाली, तरी त्याच राज्याने २००४ मध्ये मेक्सिकोतल्या लेओन शहरातलं एक डेंटल कॉलेज स्वतः जाऊन तपासलं आणि त्याची पदवी मान्य केली. म्हणजे हवं तेव्हा तपासता येतं, हवं तेव्हा स्वीकारता येतं. हवं मात्र असावं लागतं.

ब्रिटनचं उदाहरण माझ्या विरोधातही देता येईल, म्हणून मीच देतो. तिथे परदेशी डेंटिस्टसाठी ओआरई ही दोन भागांची परीक्षा आहे, पदवी पुन्हा घ्यावी लागत नाही. पण परीक्षेला बसायच्या जागाच इतक्या तुटपुंज्या, की नोंदणी उघडायची आणि भरून जायची. कोविडमध्ये तर ती बंदच पडली. मग २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे रुग्ण घेणारा एक दवाखाना उघडला तेव्हा शेकडो लोक रस्त्यावर रांग लावून उभे राहिले आणि गर्दी आवरायला पोलीस आले. दार उघडं ठेवून चौकट अरुंद केली तर काय होतं, ते यातून दिसलं. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने परदेशी डेंटिस्टना देखरेखीखाली तात्पुरती नोंदणी देण्याचा प्रस्ताव चर्चेला आणला. दातदुखी रस्त्यावर आल्यावर सुचलेलं हे शहाणपण आहे, पण सुचलं तरी.

अमेरिकेत दातदुखी रस्त्यावर येत नाही, ती इस्पितळाच्या इमर्जन्सीत जाते. गरिबांसाठीचा मेडिकेड हा सरकारी विमा घेणारे डेंटिस्ट मुळात थोडे, आणि डेंटिस्ट अपुरे असलेले म्हणून सरकारनेच जाहीर केलेल्या भागांत कोट्यवधी लोक राहतात. २००७ साली मेरीलँडमध्ये १२ वर्षांचा एक मुलगा दाताच्या संसर्गाने गेला. पू मेंदूपर्यंत पोचला होता. दात वेळेवर काढायला ८० डॉलरच्या आसपास खर्च आला असता, इस्पितळाचं बिल अडीच लाखांच्या घरात गेलं. रुग्णसुरक्षेचं नाव घेणाऱ्यांना एक साधा प्रश्न आहे: या मुलाच्या बाबतीत धोका कशाचा होता, परदेशात शिकलेल्या डेंटिस्टचा की डेंटिस्टच न मिळण्याचा? सुरक्षा म्हणजे फक्त चुकीचा उपचार टाळणं असा अर्थ घेतला, की न झालेल्या उपचाराचा हिशेब कुणालाच द्यावा लागत नाही.

आणि इथेच ‘वसूल होतंच की’ या लाडक्या युक्तिवादाची गाठ पडते. वसूल कुणाकडून होतं? कर्जाचा डोंगर घेऊन बाहेर पडलेली डेंटिस्ट मेडिकेडच्या दवाखान्यात बसत नाही, बसूच शकत नाही. ती मोठ्या साखळी कंपनीच्या क्लिनिकमध्ये किंवा चांगल्या विम्याच्या उपनगरात जाते, कारण हप्ता तिथेच फिटतो. म्हणजे दर्जाच्या नावाखाली लावलेली फी शेवटी गरीब रुग्णाच्या तोंडातून जाते, फक्त पावती त्याला मिळत नाही. फायदा होतो तो विद्यापीठांना. पहिल्या वर्षाचं शिकवायचं नाही, विद्यार्थी आधीच तयार, फी पूर्ण, आणि क्लिनिकमध्ये हात चालवणारे अनुभवी लोक आयते. हे उघड सांगितलं तर निदान प्रामाणिकपणा दिसला असता. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि भांड्यावर ‘रुग्णहित’ असं लिहायचं, हे मात्र पचत नाही.

‘तुम्हाला बोलावलं होतं कुणी?’ हा शेवटचा ठेवणीतला प्रश्न, आणि तो विचारणारे बहुधा स्वतःच बोलावल्याशिवाय गेलेले. परवाना हा आल्यागेल्याचं आदरातिथ्य नव्हे. लोकांना काय हवं आहे यावर तो ठरतो. सगळे एडिसन आणि फ्रीमाँटसारख्या भारतीय वस्तीच्या शहरांतच गर्दी करतील, ही भीती असेल तर तिच्यावरचा उपायही डॉक्टरांच्या बाबतीत अमेरिकेनेच शोधलेला आहे. १९९४ पासून चालणाऱ्या कॉनराड योजनेत प्रत्येक राज्य वर्षाला ३० परदेशी डॉक्टरांना व्हिसाची सवलत देऊ शकतं, अट एकच: डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम. हीच अट डेंटिस्टला घाला. कॉलेजची अट घालताना जेवढी तत्परता दाखवली, तेवढी इथे दाखवायला काय हरकत आहे?

आपण भारतीय तरी यातून सुटलेलो नाही, असं कुणी म्हणेल. आपणही परदेशी बीडीएसला डोळे मिटून नोंदणी देत नाही. देत नाहीच, आणि देऊही नये. पण आपण काय करतो ते बघा: स्क्रीनिंग टेस्ट घेतो. परदेशात एमबीबीएस केलेल्यांची परीक्षा २००२ पासून घेतो, डेंटिस्टांसाठीही वेगळी परीक्षा आहे. पास झालास, इंटर्नशिपची अट पुरी केलीस, तर कामाला लाग. ‘आधी आमच्या एखाद्या खासगी कॉलेजात तीन वर्षांची सीट विकत घे, मग बघू,’ असं आपण म्हटलं असतं, तर हेच कौतुक करणारे काका-काकू ‘डोनेशनचा धंदा’ म्हणून तुटून पडले असते. आणि तुटून पडणं योग्यच ठरलं असतं. तोच व्यवहार इंग्रजीत आणि डॉलरात झाला की त्याला दर्जा म्हणायचं? आपले डेंटिस्ट बाहेर गेले तर इथलं नुकसान होतं, हा विषय खरा आहे, पण वेगळा आहे. तो सोडवायचा असेल तर बीडीएसच्या रिकाम्या राहणाऱ्या जागा आणि नव्या डेंटिस्टला मिळणारा पगार यांच्याकडे बघावं लागेल. अमेरिकी विद्यापीठांच्या गल्ल्याकडे बघून तो सुटणार नाही.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. आयएनबीडीई आहेच, ती ठेवा. हवी तर आणखी कडक करा. हाताची परीक्षा स्थानिकांना आहे तीच परदेशी पदवीधरांनाही द्या, नापास झाला तर घरी पाठवा. तरीही धाकधूक वाटत असेल तर एक वर्ष देखरेखीखाली ठेवा. इस्पितळांतल्या जनरल प्रॅक्टिस रेसिडेन्सी त्यासाठीच आहेत, आणि न्यूयॉर्कने २००७ पासून आपल्या स्वतःच्या पदवीधरांनाही परवान्यासाठी असं रेसिडेन्सीचं वर्ष सक्तीचं केलंच आहे. त्या वर्षात पगार द्या, फी घेऊ नका. मग डेंटिस्ट अपुरे असलेल्या गावात तीन वर्षं बसवा. हे सगळं केल्यावरही परदेशी डेंटिस्टमध्ये कमी पडतं असं नेमकं काय उरतं, जे ५०० प्रश्नांत सापडत नाही, मॅनिकिनवर दिसत नाही, वर्षभराच्या देखरेखीत कळत नाही आणि फक्त दोन-तीन लाख डॉलर भरल्यावरच भरून निघतं? ते एकदा नाव घेऊन सांगा. आणि ते सांगता येईपर्यंत त्या मुलीला परत कॉलेजात बसवण्याला दर्जा म्हणू नका.